मगरीला रिकामं जग दिलं तर

१९४० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये, घोस्ट रँच नावाच्या ठिकाणी जीवाश्मांची एक खाणच हाती लागली. सीलोफायसिस या छोट्या डायनासोरचे सांगाडे तिथे एकावर एक खच्चून भरलेले होते. त्यांचे दगडी ठोकळे प्लास्टरमध्ये गुंडाळून न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आणले. काही फोडले, काही राहिले. उरलेल्यांत तरी वेगळं काय निघणार, म्हणून ते पन्नासहून जास्त वर्षं तसेच पडून होते. मग स्टर्लिंग नेस्बिट या तरुण संशोधकाने त्यातले काही उघडले, आणि आत निघाला दोन पायांवर चालणारा, बिनदाताचा, चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा प्राणी. पाहणारा त्याला शहामृगासारखा डायनासोरच म्हणेल. पण घोट्याची हाडं वेगळंच सांगत होती. घोटा मगरीच्या कुळातला होता.

२००६ मध्ये या प्राण्याला इफिजिया हे नाव मिळालं. तो सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी जगला. शहामृगासारखे दिसणारे खरे डायनासोर त्याच्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी आले. म्हणजे तो आराखडा आधी मगरीच्या भाऊबंदांनी वापरून पाहिला होता.

हे आधी सांगायचं कारण असं, की परग्रहावर मगरी सोडल्या तर त्यांचं काय होईल, असा विषय निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: काही होणार नाही, मगर कोट्यवधी वर्षं बदललेलीच नाही. हा समज चुकीचा आहे. आज जगात मगरकुळाच्या सत्तावीस-अठ्ठावीस जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या एकच धंदा करतात: पाण्याच्या काठाशी दबा धरून बसायचं. तेवढंच आपल्याला दिसतं. पूर्वीचा पसारा मात्र भलताच मोठा होता. ज्युरासिक काळात मेट्रिओऱ्हिंकिड नावाची शाखा समुद्रात गेली. तिच्या पायांची वल्ही झाली, शेपटीला माशासारखा पंखा आला, अंगावरचं हाडांचं चिलखत गळून गेलं. टांझानियात सापडलेल्या पाकासुकसच्या तोंडात सस्तन प्राण्यांसारखे दात होते, पुढचे वेगळे आणि मागचे वेगळे. डायनासोर संपल्यानंतरच्या काळात बोव्हेरिसुकसच्या बोटांना नख्यांऐवजी खुरांसारखी टोकं होती.

माझा आवडता मात्र सिमोसुकस. डायनासोर युगाच्या अगदी शेवटी मादागास्करमध्ये राहणारा, जेमतेम पाऊण मीटर लांबीचा. तोंड इतकं आखूड आणि चपटं की धावत येऊन भिंतीवर आपटल्यासारखं वाटावं. शेपूट बुटकं, अंग चिलखताने झाकलेलं, आणि दात लवंगेसारखे, वरच्या टोकाला कंगोरे असलेले. असे दात झाडपाला खाणाऱ्या सरड्यांचे असतात. शाकाहारी मगर हा विनोद वाटतो, पण ती होऊन गेली आहे.

मग आजच्या मगरी पाण्यातच का? कारण जमिनीवरच्या जागा भरलेल्या आहेत. आधी तिथे डायनासोर होते, नंतर सस्तन प्राणी आले. जिथे मोठे मांसाहारी सस्तन कमी होते तिथे मगरींनी जमीन सोडलीही नाही. दक्षिण अमेरिका बराच काळ बेट होती, आणि तिथे सेबेसिड नावाच्या उंच पायांच्या, करवतीसारख्या दातांच्या जमिनीवरच्या मगरी एक कोटी वर्षांपूर्वीपर्यंत तरी होत्या. तेव्हा नव्या ग्रहावरची मगर कशी होईल हे विचारताना मगरीकडे पाहून भागत नाही. तिथे आणखी कोण आहे आणि कोण नाही, हे आधी बघावं लागतं.

अशा खेळाला स्पेक्युलेटिव्ह इव्होल्यूशन म्हणतात. आपण त्याला कल्पित उत्क्रांती म्हणू. कल्पित असली तरी मनाला येईल ते चितारायची मुभा नसते. सुरुवातीचा प्राणी खरा हवा, ग्रहाचे आकडे खरे हवेत, आणि प्रत्येक बदलाची पायरी अशी हवी की त्या पायरीवरचा प्राणीही जगू शकेल. अर्धवट पंख फुटलेली मगर उद्या उडेल म्हणून आज कोणी तिला सांभाळत नाही.

ग्रह म्हणून आपण मंगळ घेऊ, कारण त्याचे आकडे हाताशी आहेत. आजच्या मंगळाची हवा पृथ्वीच्या हवेच्या एक टक्काही नाही, सरासरी तापमान उणे साठ अंशांच्या आसपास, आणि मातीत पर्क्लोरेट नावाचे विषारी क्षार, जे २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडले. २०१८ मध्ये ब्रूस जॅकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी हिशोब मांडून दाखवला, की मंगळावर हाताशी येण्याजोगा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी ग्रह पुरेसा उबदार होत नाही. म्हणून इथे मी सरळ लबाडी करतो. कोणीतरी, कसंतरी, ते काम पुरं केलं असं धरू. श्वास घेता येईल अशी हवा आहे, उत्तरेच्या सखल मैदानात समुद्र साठला आहे, त्यात उतरणाऱ्या नद्या आहेत, नद्यांत मासे, काठावर झाडं, झाडांवर किडे.

पण टेराफॉर्मिंगने, म्हणजे ग्रह असा राहण्याजोगा करण्याने, हवा बदलते, ग्रह बदलत नाही. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्केच राहणार. सूर्यप्रकाश पृथ्वीवर येतो त्याच्या साधारण ४३ टक्के. दिवस जवळपास आपल्याएवढाच, चाळीसेक मिनिटांनी मोठा. वर्ष मात्र ६८७ पृथ्वी-दिवसांचं. या चार आकड्यांपुढे मगरीचं काही चालणार नाही.

आता मगर कुठली न्यायची? थंडीचा विचार केला तर मगरकुळातलाच अमेरिकन अ‍ॅलिगेटर. हिवाळ्यात तळं गोठायला लागलं की हा प्राणी नाकाचं टोक तेवढं पाण्याबाहेर काढतो आणि निश्चल होतो. बर्फ नाकाभोवती घट्ट होतो. वरून पाहिलं तर सपाट बर्फातून एक काळपट बोंडूक वर आलेलं दिसतं, त्यावर दोन नाकपुड्या, शेजारी कधी दातांची टोकं. खाली अख्खा प्राणी लोंबकळत असतो, हृदय अगदी सावकाश चाललेलं. बर्फ वितळला की निघाला. उत्तर कॅरोलिनात हे चांगलं पाहिलेलं आहे. अडचण एकच: खऱ्या मगरींच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, तशा कामाच्या ग्रंथी अ‍ॅलिगेटरला नाहीत. मंगळाच्या क्षारांनी भरलेल्या मातीवरून वाहून आलेल्या पाण्याचा समुद्र खारटच असणार. म्हणजे आमचा अ‍ॅलिगेटर नद्यांपुरताच, आणि दोन नद्यांच्या मुखांमधला समुद्र ही त्याच्यासाठी भिंत. ही भिंत पुढे उपयोगी पडणार आहे.

उत्तरेची नदी निवडण्यात आणखी एक फायदा आहे. मंगळाची कक्षा चांगलीच लंबगोल असल्यामुळे तिथले ऋतू समान नसतात. उत्तर गोलार्धात वसंत आणि उन्हाळा मिळून ३७२ मंगळ-दिवस, शरद आणि हिवाळा मिळून २९६. दक्षिणेत नेमकं उलट. अंड्यातून निघालेलं वीतभर पिल्लू पहिला हिवाळा काढू शकतं का, यावर जातीचं भवितव्य ठरतं, आणि त्या पिल्लासाठी खाऊन-पिऊन वाढायला ३७२ दिवसांचा हंगाम म्हणजे चैन आहे.

पण पिल्लू निघायला हवं ना. खरी अडचण अंड्यात आहे.

आपल्यात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रं ठरवतात. मगरींमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रं नसतातच. तिथे ठरवतं तापमान. अ‍ॅलिगेटरबद्दल हे १९८२ मध्ये मार्क फर्ग्युसन आणि टेड जोआनेन यांनी दाखवलं. अंडी साधारण ३० अंशांवर किंवा त्याखाली उबली तर सगळ्या माद्या. ३३ च्या आसपास बहुतेक नर. त्याच्याही वर गेलं की पुन्हा माद्या वाढतात. म्हणजे नर होण्याची खिडकी दोन-तीन अंशांची. थंड, मंद उन्हाच्या ग्रहावर काय होईल हे आता वेगळं सांगायला नको. पहिल्या पिढीत माद्याच माद्या, दुसऱ्या पिढीत नर शोधून सापडणार नाही.

(नराशिवाय भागेल का? कोस्टा रिकातल्या एका प्राणिसंग्रहालयात वर्षानुवर्षं एकटी असलेल्या मगरीने २०१८ मध्ये अंडी घातली आणि त्यातल्या एकात नराच्या मदतीशिवाय पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं. ते जिवंत मात्र नव्हतं. यावर जात तगवता येणार नाही.)

इथे उत्क्रांती कशी काम करते ते जवळून पाहण्यासारखं आहे. अ‍ॅलिगेटरची मादी पालापाचोळा आणि चिखल यांचा ढीग रचते आणि त्याच्या पोटात अंडी घालते. कुजणारा पाला स्वतःची ऊब देतो, उकिरड्यातून वाफ निघते तशी. वाळूत खड्डा करून उन्हाच्या भरवशावर अंडी पुरणाऱ्या जाती मंगळावर पहिल्याच फेरीत बाद. ढीग रचणाऱ्या टिकतील. आता समजा शंभर माद्यांपैकी एक जरा जास्त मोठा ढीग रचते, किंवा ओला आणि सुका पाला अशा प्रमाणात घालते की आत ३२-३३ अंश होतात. तिला मुलगे झाले. बाकीच्या नव्व्याण्णव जणींना फक्त मुली. वयात आल्यावर त्या सगळ्या मुलींना नर हवा, आणि नर आहेत फक्त हिचे. म्हणजे हिची नातवंडं साऱ्या नदीभर. लिंगांचं प्रमाण बिघडलं की जे लिंग दुर्मीळ असेल ते जन्माला घालणाऱ्या आईची चांदी होते, हा मुद्दा रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये मांडला होता. म्हणून ढीग रचण्याची ती विशिष्ट खोड, किंवा जरा कमी उबेतही नर होऊ देणारं एखादं जनुक, काही पिढ्यांत सगळीकडे पसरेल. पहिली मोठी उत्क्रांती दात-नखांत होणार नाही, ती घरटं रचण्याच्या सवयीत होईल. चित्र काढणाऱ्यांना हे आवडत नाही, कारण मगर दिसायला जशीच्या तशी राहते.

तापमानाचा हा जाच कायमचा सुटू शकतो का? ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या ड्रॅगन सरड्यांमध्ये गुणसूत्रांकडून तापमानाकडे असा उलटा बदल होताना २०१५ मध्ये नोंदवला गेला आहे, म्हणजे ही व्यवस्था दगडावरची रेघ नाही. दुसरी वाट म्हणजे अंडी पोटातच ठेवून पिल्लं जन्माला घालणं. आजच्या एकाही मगरीला किंवा पक्ष्याला हे जमलेलं नाही, पण त्यांच्या दूरच्या चुलत घराण्यातल्या डायनोसेफालोसॉरस या सागरी प्राण्याच्या पोटात पिल्लू असलेला जीवाश्म चीनमध्ये सापडला आहे. तरी मी पैज लावायची तर ढिगावर लावीन.

आता गुरुत्वाकर्षण. लोकांना वाटतं हलक्या जगात मगर पाण्यावर बुचासारखी वर येईल. तसं नाही. मगरीचं वजन कमी होतं, पण ती बाजूला सारते त्या पाण्याचं वजनही त्याच प्रमाणात कमी होतं. ती आज जेवढी बुडते तेवढीच बुडेल. डोळे, कान, नाकपुड्या एका रेषेत पाण्याबाहेर, बाकी सगळं खाली. दबा धरायची पद्धत शाबूत.

फरक पडतो तो झडप घातल्यावर. जबड्याचा जोर स्नायूंचा असतो, त्याला गुरुत्वाकर्षणाशी देणंघेणं नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या चाव्याचा जोर १६,००० न्यूटनहून जास्त मोजला गेला आहे. मंगळावरही तो तेवढाच. पण काठावर पाणी प्यायला आलेलं जनावर मागे ओढ घेतं ते कशाच्या बळावर? पायांची पकड जमिनीवर जेवढी, तेवढ्याच बळावर, आणि ती पकड वजनातून येते. वजन ३८ टक्के झालं की पकडही तेवढीच. पाय घसरणार. ओढाओढीत मगरीचं पारडं इतकं जड होतं की तिथली काठावरची जनावरं पाण्याशी जरा वेगळ्याच अदबीने वागतील. पाण्यातून सरळ वर उसळी मारणं हीसुद्धा मगरीची जुनी कला. तेवढ्याच वेगाने बाहेर पडलेलं अंग मंगळावर अडीच पटीहून जास्त उंच जाईल. पाण्यावर ओणवलेली फांदी तिथे सुरक्षित जागा नाही.

जमिनीवर हिशोब जरा गुंतागुंतीचा आहे. फाकलेल्या पायांवर अंग तोलणं कष्टाचं असतं, म्हणून पृथ्वीवर जड प्राण्यांचे पाय शरीराखाली सरळ आले. मंगळावर हा दबाव कमी, तेव्हा पाय फाकलेलेच राहतील असं कोणी म्हणेल. मला ते अर्धंच पटतं. फाकल्या पायांनी पळणारा प्राणी सापासारखा डावी-उजवीकडे वळवळतो आणि प्रत्येक वळशाला एक बाजूचं फुप्फुस दाबलं जातं. पळताना श्वास नीट घेता येत नाही. पाय खाली घेण्यात हाही फायदा आहे, आणि तो गुरुत्वाकर्षण कमी झालं म्हणून जात नाही. शिवाय मगरीची तयारी अर्धी झालेलीच आहे. पोट जमिनीवरून उचलून उंच चालणं तिला येतं, ऑस्ट्रेलियातली गोड्या पाण्यातली मगर तर चक्क सशासारखी चौखूर उधळते. कमी गुरुत्वाकर्षणात चालण्याचं पळणं आणि पळण्याचं उड्या मारणं कमी वेगालाच सुरू होतं, कारण पाय टेकायला अंग खाली यायलाच वेळ लागतो. म्हणून मंगळावरची भूचर मगर मला लांब मागच्या पायांची, उधळत जाणारी दिसते, जड शेपूट मागे तोलासाठी.

तिच्याजवळ आणखी एक जुनं भांडवल आहे. मगरीचं हृदय आपल्यासारखं चार कप्प्यांचं आहे, आणि २०१० मध्ये कॉलीन फार्मर आणि केंट सँडर्स यांनी दाखवलं की अ‍ॅलिगेटरच्या फुप्फुसात हवा पक्ष्यांप्रमाणे एकाच दिशेने फिरते. दबा धरून पडून राहणाऱ्या प्राण्याला एवढी यंत्रणा कशाला? अनेक संशोधकांचं मत असं, की मगरींचे पूर्वज उष्ण रक्ताचे, धावपळ करणारे होते आणि ही त्यांच्याकडून आलेली मिळकत आहे. मग मंगळावर रक्त पुन्हा उष्ण होईल? मला वाटतं सहजासहजी नाही. उष्ण रक्ताचं पोट भरायला त्याच आकाराच्या थंड रक्ताच्या प्राण्यापेक्षा कितीतरी पट अन्न लागतं. नुकत्याच वसवलेल्या, मंद उन्हाच्या जगात अन्नाची साखळी तोकडी असणार. महिनोन्महिने उपाशी राहू शकणारा प्राणी तिथे राजा.

जमिनीवर पहिलं पाऊल कोण टाकेल? चित्रांत नेहमी पाच मीटरचा अक्राळविक्राळ शिकारी असतो. मी म्हणेन, हातभर लांबीचं काहीतरी. लहान अ‍ॅलिगेटर किडे-गोगलगायीच खातात, आणि मोठ्या अ‍ॅलिगेटरपासून जीव वाचवायला त्यांना पाण्यापासून लांब राहणं परवडतं. आजही दक्षिण अमेरिकेतला ठेंगू केमन हा मगरकुळातला प्राणी जंगलातल्या ओहोळांच्या काठी, बराचसा जमिनीवरच राहतो. पॅसिफिकमधल्या बेटांवर मेकोसुकस नावाच्या छोट्या मगरी काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत होत्या. लहानपणीचं अंग आणि लहानपणीच्या सवयी तशाच ठेवून वयात येणं, ही उत्क्रांतीची जुनी पळवाट आहे. मोठा भूचर शिकारी येईल, पण या बुटक्याच्या वंशात, आणि बऱ्याच नंतर. पाला खाणारा त्याच्याही नंतर. २०१३ च्या एका अभ्यासात पाहिलेल्या १८ पैकी १३ जाती फळंही खातात असं आढळलं होतं, तेव्हा तोंडाला चव आधीच लागलेली आहे.

उडणारी मगर मात्र मी काढणार नाही. कमी गुरुत्वाकर्षण पाहून मोह होतो, पण उडायला लागणारा इंधनाचा खर्च थंड रक्ताला झेपत नाही. झाडावर चढणारी काढीन. लहान मगरी आजही फांद्यांवर चढून ऊन खाताना दिसल्या आहेत.

एका जातीच्या अनेक जाती व्हायला ताटातूट लागते, आणि ती मंगळ भरपूर पुरवतो. पृथ्वीचा आस चंद्रामुळे बराचसा स्थिर आहे. मंगळाला तसा मोठा चंद्र नाही. त्याचा आस आज साधारण २५ अंश कललेला आहे, पण गेल्या दोन कोटी वर्षांतच तो सुमारे १५ ते ४५ अंशांमध्ये डोलला आहे, आणि एक हेलकावा साधारण एक लाख वीस हजार वर्षांचा. कल वाढला की ध्रुवांचे उन्हाळे तापतात आणि हिवाळे भयानक होतात. कमी झाला की ध्रुव गोठलेलेच राहतात आणि ऊब विषुववृत्ताकडे गोळा होते. अ‍ॅलिगेटरची पिढी दहा-बारा वर्षांची, म्हणजे एका हेलकाव्यात दहाएक हजार पिढ्या. प्रत्येक हेलकाव्यात नद्या आटणार, नव्या फुटणार, एका खोऱ्यातल्या मगरी दुसऱ्यापासून तुटणार, आणि मधे तो खारा समुद्र. काही हजार पिढ्यांनी खोरी पुन्हा जोडली जातील तेव्हा दोन्हीकडच्या मगरींचं एकमेकींशी जुळेलच असं नाही. एखाद्या खोऱ्यात जिभेवर मिठाची ग्रंथी पुन्हा कामाला लागली, तर त्या वंशाला अख्खा समुद्र मोकळा.

हे सगळं एका अटीवर उभं आहे: जमीन रिकामी आहे. माणसांनी पाठवलेल्या सामानाच्या एखाद्या खोक्यात उंदरांची एक जोडी निघाली, तर चित्र पालटतं. उंदीर महिन्याभरात पिल्लं घालतो, मगरीला वयात यायला दशक लागतं. तो उष्ण रक्ताचा, रात्रीच्या गारठ्यात हिंडणारा, आणि अंड्यांचा शौकीन. कुजत्या पाल्याचा उबदार ढीग त्याला राहायलाही बरा. हातभर लांबीची ती भूचर मगर किड्यांसाठी, बिळांसाठी आणि घरट्यासाठी त्याच्याशी भांडत बसेल आणि बहुधा हरेल. उंदरांचे वंशज खुरांपर्यंत, सुळ्यांपर्यंत जातील. आणि मगर नदीतच राहील, डोळे, कान, नाकपुड्या एका रेषेत ठेवून, पाणी प्यायला काठावर येणाऱ्या मोठाल्या उंदरांची वाट बघत.